शेवटाच्या आधीची बोट

गालदो बेट
१४ ऑक्टोबर १९९१

प्रिय हेरानवन्सं,

माझं पत्र बघून दचकू नका. आई ठीक आहेत. म्हणजे, जेवतात, बसतात, माझ्या किमचीला नावं ठेवतात. पण चुंगमूच्या डॉक्टरांनी मागच्या आठवड्यात जे सांगितलं ते फोनवर तुम्हाला सांगता आलं नाही. फोन आईंच्या उशाशीच आहे, आणि अलीकडे त्यांना झोपेतसुद्धा ऐकू येतं. म्हणून लिहिते.

पोटातलं दुखणं साधं नाही. डॉक्टर म्हणाले, कापण्यात आता अर्थ नाही. वसंत ऋतू बघितला तर नशीब. तुमच्या दादांनी ठरवलं आहे की आईंना हे कळू द्यायचं नाही. आम्ही सगळे म्हणतो, "सूज आहे, उतरेल." दादा तर हे इतक्या जोरात म्हणतात की शेजारच्या आवारातला कुत्रा भुंकायला लागतो.

आता मूळ काम. मासळीचा हंगाम बरा गेला, म्हणून दादांनी व्हिडिओ घेतला. आई दिवसभर चुलीकडच्या उबेला पडून असतात. दुपारी कालवं फोडून आले की मी त्यांच्याजवळ बसते, तेव्हा दोघींनी काहीतरी बघावं असं मनात आहे. गालदोवर कॅसेटचं दुकान कुठलं! दादा म्हणाले, "कॅसेट कुठून आणायच्या ते तुझं तू बघ," आणि तोंड फिरवून जाळं विणायला लागले. चुंगमूच्या धक्क्यासमोर व्हिडिओचं दुकान कोणाचं आहे हे त्यांना ठाऊक नाही असं थोडंच आहे.

आईंना विचारलं, काय बघायचं? म्हणाल्या, "एक हसायचा, एक गाण्याचा आणि एक असा, की ज्यात पुढे काय होणार ते कळत नाही." दादांची अट वेगळीच. सिनेमात कोणी मरता कामा नये. दवाखाना दिसता कामा नये. आईंच्या मनात काही येईल असं काही नको. कोणी खोकलेलंही त्यांना चालणार नाही.

पाठवाल ना? बोटवाले नामकाका दर बुधवारी नि शनिवारी पिशवी नेतील-आणतील, तसं बोलणं झालं आहे.

तुम्ही स्वतः आलात तर, असं लिहिणार होते. लिहिलं तर तुम्ही पत्राला उत्तरच देणार नाही, म्हणून लिहीत नाही.

तुमची वहिनी,
ओकबुन

*

चुंगमू
१९ ऑक्टोबर

वहिनी,

पत्र वाचून दुकान लवकर बंद केलं. बाकी त्याबद्दल आज काही लिहीत नाही. लिहायला बसले की अक्षर पळतं.

आधी एक. मला वन्सं म्हणू नकोस. मी तुझ्याहून लहान आहे, आणि ज्या घराची मी लेक, त्या घराचा उंबरा सात वर्षांत ओलांडलेला नाही. कसली आलीय वन्सं!

आता कॅसेट. पिशवीत तीन आहेत.

पिवळ्या डब्यातली हसायची. हाँगकाँगची आहे. दोन भाऊ भाजलेल्या बदकांचं दुकान चालवतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत. सगळे निरोप बदकाच्या गळ्यात चिठ्ठी बांधून पाठवतात. दादाला मुद्दाम बसव समोर.

निळ्या डब्यातली गाण्याची. एक म्हातारी बाई घरोघर जाऊन पियानो सुरात लावते. तिला स्वतःला वाजवता येत नाही. नंतर येतं. दुकानात ही कॅसेट मागणाऱ्या मी धरून तिघी आहोत.

तिसरीसाठी मला घाम फुटला. खून नाही, प्रेत नाही, खोकला नाही आणि तरी श्वास अडकला पाहिजे! दादाला विचार, मीठ न घातलेली किमची खातोस का? दोन रात्री शोधून एक सापडली. काळा डबा. डोंगरावर तारेवरून जाणारी पाळण्याची गाडी आहे. धुक्यात ती मधेच बंद पडते. आत सहा माणसं. तासाभराने गाडी वर पोचते, दार उघडतं, तर आत पाच. दार बाहेरून बंद, खाली दरी. सहावा माणूस गेला कुठे? कोणी मेलेलं दिसत नाही, शपथ.

परत पाठवताना रिवाइंड करून पाठव. गिऱ्हाइकं करत नाहीत, आणि मग मला सगळ्यांच्या घरातलं कळतं. कॅसेटच्या खिडकीतून फीत कुठे थांबलीय ते दिसतं ना. बँकेतले साहेब कुठलाही सिनेमा अर्ध्यावर सोडतात. शाळेतल्या बाई चुंबनापाशी थांबवून मागे नेतात आणि पुन्हा बघतात. तोंडाने सगळे म्हणतात, "छान होता."

आईला सांगू नकोस की मी निवडल्यात.

हेरान

*

गालदो
२ नोव्हेंबर

प्रिय हेरानवन्सं,

(सवय जायला वेळ लागेल. रागावू नका.)

आईंना न सांगण्याचा प्रश्नच आला नाही. पिशवी बघितली आणि म्हणाल्या, "हेरानने तिसरी कुठली पाठवलीय? ती आधी लाव."

बदकांच्या सिनेमाला आई इतक्या हसल्या की मला त्यांच्या पोटाची भीती वाटली. दादा दारात उभे राहून बघत होते, आत यायला तयार नाहीत. बदकाने मोठ्या भावाच्या चिठ्ठीसकट तळ्यात उडी मारली तेव्हा मात्र फुसकन हसले आणि लगेच बाहेर जाऊन कशावर तरी ओरडले.

पियानोवाल्या बाईचं गाणं आई आता गुणगुणतात. सूर चुकतो. मी काही बोलत नाही.

तारेवरच्या गाडीचा सिनेमाही फार आवडला. आम्ही शेवटपर्यंत बघितला. छान होता.

रिवाइंड करायचं राहिलं, माफ करा. नामकाका घाई करत होते.

सोबत रताळ्याचे सुकवलेले काप पाठवते आहे. तुम्हाला लहानपणी त्यांची पेज आवडायची, असं आई म्हणाल्या. दुसऱ्या कॅसेट पाठवाल ना? आई म्हणतात, तिसऱ्या प्रकारातल्या जास्त.

ओकबुन

*

चुंगमू
६ नोव्हेंबर

वहिनी,

"छान होता." हे वाचूनच मी ओळखलं.

बदकांची फीत शेवटाला पोचलेली. पियानोवाल्या बाईची पण. तारेवरच्या गाडीची मात्र शेवट येण्याआधी पंधराएक मिनिटं थांबलेली. म्हणजे पोलीस पाचही जणांना पुन्हा गाडीत बसवतो आणि म्हणतो, "आता मी दार लावतो," तिथे! अगं, तिथे माणूस लघवीला उठत नाही, आणि तुम्ही मशीन बंद केलंत?

कोणी केलं ते मला कळतं. दादाने. पुढे कोणी मेलं तर, म्हणून. त्याला सांग, त्या माणसाचं काय झालं ते मला माहीत आहे. त्याला माहीत नाही. आणि मी त्याला सांगणार नाही. आईच्या हातचा रिमोट हिसकावून घेणारा माणूस! लहानपणी माझ्या ताटातला मासाही असाच उचलायचा.

दोन नवीन पाठवते. एकात जुन्या बाजारात घेतलेल्या घड्याळात दुसऱ्या कोणाचा तरी आवाज येतो. दुसऱ्यात लग्नाच्या फोटोत एक माणूस जास्त निघतो. दोन्हीत कोणी मरत नाही. दोन्ही आईला शेवटपर्यंत बघू द्या.

हेरान

ता. क. रताळ्याचे काप मिळाले. दुकानातच शिजवले. गिऱ्हाइकांना दुकानाचा वास आवडला.

*

गालदो
२३ नोव्हेंबर

प्रिय हेरानवन्सं,

दादांचा दोष नाही. त्यांनी रिमोटला हातही लावला नाही. आईच थांबवायला सांगतात. झोप येत असेल. औषधं फार जड आहेत.

काल हिवाळ्याची किमची घातली. कोबीचे शंभरावर गड्डे, मी आणि शेजारच्या दोघी. आई दार उघडं ठेवून आतून हुकूम सोडत होत्या. "मीठ कमी. ओकबुन, तुझ्या माहेरी समुद्र नव्हता का?" मला बरं वाटलं. आवाजात अजून जोर आहे.

तुमच्या वाटणीचा एक माठ त्यांनी अंगणात वेगळा पुरायला लावला. दरवर्षी लावतात. सात वर्षं लावतात. हिवाळा संपला की उघडतो आणि आम्हीच खातो.

या वर्षी तुम्ही येऊन उघडलात तर?

ओकबुन

*

चुंगमू
३० नोव्हेंबर

वहिनी,

माठाचं मला माहीत नव्हतं.

पण तू विचारलंस म्हणून लिहिते. तू तेव्हा माहेरी गेली होतीस. तुला दादाने काय सांगितलं, कोण जाणे. मी नवऱ्याचं घर सोडून आले होते. गालावर काय होतं ते सगळ्यांना दिसत होतं. दादा अंगणात उभा राहून ओरडत होता, "लग्न झालेल्या मुलीचं घर तिच्या नवऱ्याचं. इथे राहायचं नाही!" मला त्याचं काही वाटलं नाही. दादा लहानपणापासून ओरडतोच. मी आईकडे बघत होते. आई पडवीत मुळे कापत होती. मी बोचकं हातात घेऊन उभी, आणि ती मुळे कापतेय. मान वर केली नाही. एक शब्द नाही. मग बोटीचा भोंगा झाला आणि मी निघाले.

सणाला फोन करते ना मी. आई विचारते, "तिकडे थंडी आहे का?" मी म्हणते, "आहे." एवढं बोलणं सात वर्षं चाललंय. मग आता येऊन काय बोलू? इथे थंडी आहे, म्हणून सांगू?

आणि झोपेचं मला सांगू नकोस. घड्याळाची कॅसेट शेवट येण्याआधी पंधरा मिनिटं थांबली आहे. फोटोची पण तितकीच. एक सिनेमा दीड तासाचा, दुसरा दोनाचा. दोन्हीत बरोबर तिथेच झोप येते? तुम्ही तिघं मिळून माझ्यापासून काहीतरी लपवता आहात. आई तेवढा वेळ बसूच शकत नाही, असं तर नाही? खरं लिही.

तुला माहीत नसेल, तू नंतर आलीस. आईने मी मोठी होईपर्यंत एकही सिनेमा बघितला नव्हता. बाजाराच्या दिवशी बाबा मला चुंगमूला न्यायचे, मासळी विकायला बसायचे आणि मला थिएटरात बसवून जायचे. मग मी बोटीकडे पळायची, एका हातात चपला, दुसऱ्या हातात भाताच्या गुंडाळ्या आणि माकली माशाचं तिखट. घरी आले की आई चूल पेटवत असायची. मी जळणाच्या ढिगावर उभी राहून सगळा सिनेमा सांगायची. घोडे, गाणी, पिस्तुलं, सगळे आवाज तोंडाने. आई म्हणायची, "जरा थांब, भात लागेल." आणि भात लागायचाच. त्या घरात इतका करपलेला भात कोणी खाल्ला नसेल. बाबा काही म्हणायचे नाहीत. तेही ऐकत असायचे.

जाऊ दे. तीन पाठवते. एक हसायची, एक गाण्याची, एक तुम्ही अर्धवट सोडायची.

हेरान

*

गालदो
१४ जानेवारी १९९२

प्रिय हेरानवन्सं,

इतके दिवस पत्र नाही, कारण डिसेंबरात आईंना दोनदा चुंगमूला न्यावं लागलं. रुग्णालयाच्या खिडकीतून तुमच्या दुकानाची पाटी दिसत होती. आईंनी तिकडे बघितलं. मला म्हणाल्या, "बोलावू नकोस. अशा अंथरुणात मला बघून ती काय सांगेल?" मी ऐकलं. चूक केली की काय, कळत नाही.

आता त्या घरी आहेत. फार बारीक झाल्या आहेत. डॉक्टर म्हणाले, आता औषधं द्यायची ती दुखू नये म्हणून.

तुम्ही खरं लिही म्हणालात. लिहिते.

मी तुमच्यापासून लपवत होते ते हे. पहिल्या दिवशी तारेवरच्या गाडीचा सिनेमा लावला तेव्हा आईंनी मला डब्यावरची लांबी वाचायला लावली. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसल्या. सिनेमा ऐन रंगात आला आणि त्या म्हणाल्या, "बोट सुटली. बंद कर." मी म्हटलं, "कुठली बोट, आई?" तर म्हणाल्या, "बंद कर म्हटलं ना." दुसऱ्या वेळी तेच. बोट सुटली, बंद कर. मला वाटलं, औषधांनी त्यांचं डोकं भरकटतंय. तुम्हाला कसं लिहू? म्हणून झोप लिहिलं.

परवा मी धीर करून विचारलं. त्या हसल्या. म्हणाल्या, "अगं, बोट चारला सुटायची. दोनचा खेळ सव्वाचारला संपायचा. माझ्या पोरीने जन्मात एका सिनेमाचा शेवट बघितला नव्हता. सगळे शेवट तिच्या पोटातले."

वन्सं, त्यांना हे पहिल्यापासून माहीत होतं. शेजारच्या तेलवाल्या बाईने एकदा तुम्ही सांगितलेलाच एक सिनेमा चुंगमूला रात्री मुक्काम करून बघितला होता. तिने सांगितलं, शेवटी नाखवा बुडून मरतो. तुमच्या गोष्टीत तो पोहून किनाऱ्याला आला होता आणि त्याने शेवयांचं दुकान काढलं होतं. आई म्हणाल्या, "तिच्या गोष्टीत शेवटी सगळे घरी यायचे आणि जेवायचे. मला तोच शेवट खरा वाटायचा. आता या वयात दुसऱ्या कोणाचा शेवट बघून काय करू? तिच्या दुकानात हजार सिनेमे आहेत, तिला आता सगळे शेवट ठाऊक असणार. पण मला ते नकोत. जिथून ती पळत निघायची तिथे मी थांबते. पुढचं तिने येऊन सांगायचं."

मी विचारलं, मग हसायचे आणि गाण्याचे कसे पुरे बघता? म्हणाल्या, "हसून झालं की झालं. आणि गाणं अर्धं सोडू नये."

मग मुळ्यांचंही विचारलं. तुम्ही मला लिहिलेलं त्यांना सांगितलं, माफ करा. मग म्हणाल्या, "मी मान वर केली असती तर ती थांबली असती. थांबली असती तर तुझ्या नवऱ्याने, जेगूने, दुसऱ्या दिवशी तिला नेऊन त्या माणसाच्या दारात उभी केली असती. जेगू तेव्हा तसाच होता, आणि गावही तसंच. बोट सुटायला आली होती. म्हणून मी मुळे कापत बसले. इतके कापले की आठवडाभर या घरात दुसरी भाजी नव्हती." मी म्हटलं, मग एवढ्या वर्षांत हे वन्संना सांगितलं का नाही? तर म्हणाल्या, "फोनवर? जेगू शेजारी बसलेला असताना? मी वाट बघत होते. ती नेहमी येऊन सांगायची. मीच सांगायची वेळ कधी आली नव्हती."

आणखी एक. त्यांना दुखण्याचंही माहीत आहे. "सूज म्हणे! माझ्या पोटात काय आहे ते मला कळणार नाही? पण जेगूला सांगू नकोस. बिचारा इतक्या मनापासून खोटं बोलतो."

आणि तुमचे दादा! त्यांची वेगळीच तऱ्हा. तीन महिने त्यांना झोप नाही. आईंनी त्या कॅसेटींना हात लावू दिला नाही आणि तुम्ही पत्रात सांगत नाही. काल जेवताना ताटाकडे बघत म्हणाले, "तू कोणाकोणाला पत्रं लिहितेस. त्यांना विचार, तो सहावा माणूस गेला कुठे?" सात वर्षांत तुमच्याबद्दल त्यांच्या तोंडून निघालेलं हे पहिलं वाक्य आहे.

या. आता मी सरळच लिहिते. या.

ओकबुन

*

चुंगमूचा धक्का, प्रतीक्षागृह
१८ जानेवारी, शनिवार

वहिनी,

हे पत्र टपालात टाकणार नाही. हातानेच देणार आहे, पण हात रिकामा ठेववत नाही म्हणून लिहिते.

सकाळपासून वारा आहे. नामकाका म्हणतात, बोट निघणार नाही. मी म्हटलं, काका, लहानपणी तुम्ही माझ्यासाठी एक मिनिट कधी थांबला नाहीत. आज तरी माझं ऐका. ते म्हणाले, "पोरी, तेव्हा तू पळत यायचीस. मी तुला वळणावर बघायचो आणि मगच दोर सोडायचो. तुला काय वाटलं, बोट कधीच कशी चुकली नाही?"

दुकानाला कुलूप लावलंय. दारावर पाटी: "घरी गेले आहे." गिऱ्हाइकांना वाटेल वरच्या मजल्यावर गेले. तिथेच राहते ना मी.

आईने थांबवलेले सगळे सिनेमे मी रात्री आठवून बघितले. खरे शेवट पाठ आहेत. एकही सांगण्यासारखा नाही. तारेवरच्या गाडीचा तर अगदीच टाकाऊ आहे. पोलीस शेवटची पंधरा मिनिटं नुसतं समजावून सांगतो.

वारा जरा पडलाय. काका दोराकडे चाललेत.

*

गालदो
३० मार्च १९९२

प्रिय हेरान,

आईंच्या समाधीवरचं गवत अजून नीट धरलेलं नाही. दादा रोज सकाळी वर जाऊन पाणी घालतात आणि खाली येऊन सांगतात की पाऊस पडेल, पाणी घालायची गरज नाही.

तू अंत्यविधीनंतर गेलीस तेव्हापासून एक गोष्ट मनात घेऊन फिरते आहे. मी तुला फोन उशिरा केला. त्या दिवशी सकाळी आईंचे हात थंड लागत होते. मी म्हटलं, चुलीत लाकूड कमी पडलं असेल. दुपारी केला तो फोन सकाळी केला असता, तर तू आधीच्या बोटीने पोचली असतीस. तू बोटीवर होतीस आणि त्या गेल्या. धक्क्यावर तुला घ्यायला दादा आले आणि काही न बोलता त्यांनी तुझं बोचकं घेतलं, तेव्हा तुला कळलं. हे माझ्यामुळे झालं.

शेवटचं तुला कोणी नीट सांगितलं नाही, म्हणून सांगते. मी रताळ्याची पेज केली होती. घरात साखर संपली होती. आईंनी दोन चमचे घेतले आणि म्हणाल्या, "गोड कमी आहे." आणि हसल्या, जणू मी काही जादू करून दाखवली. मग दादा समुद्रावरून आले. मोजे ओले. तसेच आत. आई एवढंच म्हणाल्या, "मोजे!" दादा घाईने मोजे काढायला बसले. आईंनी भिंतीवरच्या उन्हाकडे तोंड केलं. दादांचा दुसरा मोजा निघेपर्यंत त्या नव्हत्या.

जानेवारीतल्या त्या आठवड्याची मला रोज आठवण येते. तू घड्याळाची आणि फोटोची गोष्ट जळणाच्या ढिगावर उभी राहून सांगितलीस. चाळिशीची बाई! आईंचं अंथरूण मी पडवीत आणलं होतं. दादा अंगणात जाळं विणत होते, पाठ फिरवून. जाळ्याचा तो तुकडा त्यांनी नंतर उसवला, सगळ्या गाठी चुकल्या होत्या. भातही लागला. आईंनी तो करपलेलाच मागून खाल्ला.

पण त्या आठवड्याच्या शेवटच्या दिवशी, तारेवरच्या गाडीची गोष्ट सांगताना, आईंनी दार लावून घ्यायला सांगितलं. आत फक्त तुम्ही दोघी. मी पडवीत कालवं फोडत होते आणि दादा खिडकीखाली आले होते, नाही असं म्हणतात. आतून आधी हसणं आलं, मग नुसती कुजबुज. तू बाहेर आलीस तेव्हा तुझा चेहरा मी विसरले नाही. विचारलं नाही. आज विचारते. आत काय बोललात?

तुझा माठ काल उघडला. या वेळी अर्धा तुझ्यासाठी भरून ठेवला आहे. आणि जानेवारीत तू परत आणलेली ती काळ्या डब्यातली कॅसेट आमच्याकडेच राहिली होती, ती सोबत पाठवते. आईंच्यानंतर दादांनी एकदा मशीनमध्ये घातली. मी म्हटलं, आता बघा, आता कोण अडवणार? ते तिच्यासमोर बसून राहिले. मग बाहेर काढली आणि म्हणाले, "राहू दे. हेरान सांगेल."

तुझी,
ओकबुन

*

चुंगमू
४ एप्रिल

प्रिय वहिनी,

तू "प्रिय हेरान" लिहिलंस ते मी दोनदा वाचलं. मग बाकीचं पत्र वाचलं, आणि दुकानात गिऱ्हाईक असताना मागच्या खोलीत जाऊन बसले.

तुझ्यामुळे काही झालेलं नाही. हे मी तुझं मन राखायला म्हणत नाही. ऐक.

त्या दिवशी मी आईला तारेवरच्या गाडीचा शेवट सांगितला. ती हसली. मग म्हणाली, "झालं त्या माणसाचं. आता माझा सांग." मी म्हटलं, "काय तुझा?" ती म्हणाली, "मला बनवू नकोस. ते जेगूचं काम. तू शेवट चांगले सांगतेस. माझा सांग."

वहिनी, मी जन्मभर घोड्यांचे आणि नाखव्यांचे शेवट सांगितले. हा कुठून सुरू करायचा? ती थांबली. ती नेहमीच थांबायची, मी पळून आल्यावर मला दम लागलेला असायचा, तेव्हाही. मग मी सांगितलं. म्हटलं, दुपार आहे. भिंतीवर ऊन आहे. पोट दुखत नाही. ओकबुनवहिनी रताळ्याची पेज घेऊन येते आणि तू म्हणतेस, गोड कमी आहे. आई म्हणाली, "म्हणणारच. ती साखरेला हात आखडते." मग म्हटलं, दादा बाहेरून येतो, ओल्या मोज्यांनी. ती म्हणाली, "तो कायम तसाच येतो. मी ओरडेन." म्हटलं, ओरड. आणि तो मोजे काढत असताना मी तुझ्या पायाशी बसलेली आहे.

तेव्हा तिने मला अडवलं. जन्मात पहिल्यांदा तिने माझी गोष्ट दुरुस्त केली. म्हणाली, "नाही. तू नाहीस. तू बोटीवर आहेस." मी म्हटलं, मी असणार, मी दुकान बंद करून इथेच राहते. तर म्हणाली, "वेडी आहेस. समोर बसून शेवट बघितलास तर तुला तोच खरा वाटेल. तू बोटीवर बरी. बोटीवरच तुला सगळं सुचतं."

म्हणून तू फोन केलास आणि मी धावत बोट पकडली, तेव्हा मी सगळ्या वाटेत तो शेवट मनात पुन्हा पुन्हा सांगत होते. पेज, मोजे, ऊन. धक्क्यावर दादा दिसला. तो अनवाणी होता. मार्चच्या थंडीत अनवाणी! मी त्याच्या पायांकडे बघितलं आणि मला कळलं. कोणाला काही विचारावं लागलं नाही. तुझं पत्र येईपर्यंत पेजेचं मात्र माहीत नव्हतं. तू साखर मुद्दाम नाही ना कमी घातलीस? नसशील. दार बंद होतं.

कॅसेट मिळाली. फीत तिथेच आहे, पोलिसाने दार लावलं तिथे. रिवाइंड केलेली नाही. भाड्याच्या फळीवर न मांडता वर ठेवली आहे. कोणी मागितली तर सांगते, खराब आहे.

पुढच्या शनिवारी येते. परतीचं तिकीट काढत नाही. हसायची एक आणि गाण्याची एक आणते, आपण पुऱ्या बघू.

आणि दादा फारच मागे लागला तर तोवर त्याला एवढं सांग. सहावा माणूस घरी पोचला. ताटं मांडलेलीच होती. जेवला.

हेरान